म्हणून दाखवा

आमच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या दोन गाड्यांपैकी एकीचा हॉर्न सहसा वाजत नाही. बिघडलेला नाही, आरटीओच्या टेस्टआधी मी स्वतः वाजवून बघते. पण त्या गाडीत डावीकडच्या सीटवर आमचे सर बसतात, आणि सरांना हॉर्नचा आवाज सोसत नाही. मागून कुणी जोरात वाजवला की त्यांचे खांदे कानांपर्यंत वर जातात आणि बराच वेळ खाली येत नाहीत. तेव्हा आपल्या गाडीचा वाजवणं लांबच राहिलं. नवी मुंबईत हॉर्नशिवाय गाडी शिकवणं म्हणजे फोडणीशिवाय आमटी शिकवणं, असं आमचे हे म्हणतात. सरांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "समोर माणूस आला तर ब्रेक मारायचा. ब्रेक चांगला आहे."

सरांचं नाव इथे लिहीत नाही. लिहू का म्हणून विचारलं तर ते 'कशासाठी?' असं विचारतील, आणि मला नीट उत्तर देता येणार नाही.

सानपाड्याला आमचा गाळा आहे. अर्ध्यात ह्यांचं गॅरेज, अर्ध्यात माझं ऑफिस: एक टेबल, रस्त्यावरच्या खुणांचा एक मोठा तक्ता, आणि शिकायला येणाऱ्यांसाठी बाक. सर आले तेव्हा चाळिशीच्या अलीकडे होते. आले म्हणजे त्यांची ताई त्यांना घेऊन आली. ताई त्यांच्याहून मोठ्या, विमा कार्यालयात नोकरीला, लग्न न केलेल्या. आईवडील गेल्यानंतर दोघं भावंडं कोपरखैरण्याला राहायची. सर बाहेर तक्त्यासमोर उभे राहिले आणि ताईंनी आत येऊन मला त्यांची माहिती दिली. आपण बाहेरगावी जाताना शेजाऱ्यांना कुंड्यांची देतो, तशी.

"वहिनी, त्याला 'जरा बघा ना' असं सांगू नका. काय बघायचं ते सांगा. गाडीत ते सुवासाचं कागदी झाड टांगू नका. पाठीवर हात ठेवू नका. आणि वेळ बदलणार असेल तर आदल्या दिवशी कळवा."

मी विचारलं, "आणि चिडले तर?"

"चिडत नाही तो. बंद होतो."

मला बंद होणारा शिक्षक परवडण्यासारखा नव्हता. पण आधीचे मास्तर न सांगता गावी निघून गेले होते आणि बाकावर माणसं बसली होती. म्हटलं, आठवडाभर बघू.

पहिल्या आठवड्यात सरांनी एका गृहस्थांना त्यांच्या बायकोदेखत सांगितलं की तुम्ही टेस्टमध्ये पास होणार नाही. गृहस्थ तणतणत माझ्याकडे आले. मी सरांना बोलावून विचारलं, असं का म्हणालात? सर म्हणाले, "ते डावीकडचा आरसा बघत नाहीत. त्यांनी मला विचारलं, पास होईन ना? मी सांगितलं." गृहस्थ दुसऱ्या स्कूलला गेले. तिथे त्यांना सगळे पास होणार म्हणाले असतील. पुढचं मला माहीत नाही.

गिऱ्हाईक तुटणार, असं मी धरून चालले होते. काही तुटलंही. पण त्याच महिन्यात एक वेगळाच प्रकार सुरू झाला. इतर ठिकाणी रडून परतलेल्या बायका येऊ लागल्या. नवऱ्याने शिकवताना 'अक्कल आहे का' विचारलेल्या, मुलाने 'मम्मी, सोड, तुला जमणार नाही' म्हटलेल्या. त्यांना सर हवे असायचे, कारण सर ओरडत नाहीत. क्लच झटक्यात सोडून कुणी तीसदा गाडी बंद पाडली तरी सर एकतिसाव्या वेळीही तेच वाक्य त्याच आवाजात म्हणतात: "क्लच अर्ध्यावर आणा. थांबा. गाडी थरथरेल. मग सोडा." त्यात उसासा नसतो, कीव नसते, 'किती वेळा सांगू' नसतं. आणि पुढे म्हणतात, "म्हणून दाखवा." शिकणाऱ्याने ते सगळं तोंडाने म्हणून दाखवायचं. चुकलं तर सर पुन्हा सांगतात. बरोबर म्हटल्याशिवाय किल्ली फिरवायची नाही. मोठे मोठे मॅनेजर शाळेतल्या मुलासारखे 'क्लच अर्ध्यावर आणा, थांबा' म्हणताना मी ऐकले आहेत.

अलीकडेच सानपाडा गावातली एक मासळी विकणारी मावशी टेम्पो चालवायचा म्हणून आधी गाडी शिकायला आली. बाकावर बसून तिने मला बजावलं, "मना तोच मास्तर पायजे. तो वरडत नाय न् माज्याकडं बगत पन नाय. बरा हाय."

बघत नाही, हे तिने बरोबर टिपलं होतं. सर कुणाच्या डोळ्यांत बघत नाहीत. बोलताना त्यांची नजर आपल्या खांद्यापलीकडे कुठेतरी असते. माझ्याकडे कामाला लागण्याआधीच्या त्यांच्या तीन-चार नोकऱ्या त्यापायी गेल्या असाव्यात. ताईंच्या बोलण्यातून मला तसं कळलं. माणूस लपवाछपवी करतोय किंवा माज करतोय असं वाटतं लोकांना. मलाही वाटलं होतं. मग एक दिवस मागच्या सीटवर बसून मी त्यांचा क्लास पाहिला आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. चालत्या गाडीत शेजारच्याकडे बघायचंच नसतं. दोघांनीही समोर बघायचं, रस्त्याबद्दल बोलायचं, मध्ये बराच वेळ गप्प राहिलं तरी ते उद्धटपणाचं नाही. बाहेर जे सरांना जमत नाही म्हणून लोक नावं ठेवतात, ते सगळं गाडीत नियमाप्रमाणे बरोबर आहे. ह्या माणसाने आपली जागा शोधून काढली होती. किंवा ताईंनी.

रस्ताही ठरलेला. गाळ्यापासून निघायचं, स्टेशनच्या बाजूने वळून पाम बीच रोडच्या आतल्या रस्त्याला लागायचं, पुढच्या गोल चौकातून परत. एका उन्हाळ्यात महापालिकेने पाइप टाकायला तो रस्ता खणला. आम्हा कुणाला पत्ता नव्हता. सर गाडी घेऊन पोचले तर समोर पत्रे लावलेले, जेसीबी घरघरतोय, मागून रिक्षांचे हॉर्न. शिकणाऱ्या मुलीचा मला फोन आला: मॅडम, सर बोलत नाहीयेत.

मी स्कूटर काढून गेले. गाडी कडेला लागलेली होती, तेवढं सरांनी केलं होतं. दोन्ही हातांनी कान दाबून, डोळे मिटून ते पुढे-मागे डुलत होते. बघे जमले होते. कुणी म्हणत होतं पाणी मारा, कुणी म्हणत होतं फिट आहे, कांदा हुंगवा. मी आधी बघ्यांना हाकललं. ते मला जमतं. मग मुलीला रिक्षात बसवून दिलं. राहिलं होतं ते मला जमत नाही, म्हणजे काही न करणं. ताईंनी सांगून ठेवलं होतं: हात लावू नका, बोलू नका, काचा वर करून शेजारी बसा. मी बसले. उकाड्याने जीव जात होता. कितीतरी वेळाने सरांनी हात खाली घेतले आणि म्हणाले, "रस्ता बंद आहे हे काल कळलं असतं तर बरं झालं असतं."

म्हटलं, बरोबर आहे. तेव्हापासून रोज संध्याकाळी मी ओळखीच्या रिक्षावाल्याला विचारून घेते, कुठे खणलंय, कुठे मांडव घातलाय, आणि सरांना मेसेज टाकते. सरांमुळे मला सगळ्या नवी मुंबईचे खड्डे पाठ झालेत. ह्यांनाही त्याचा उपयोग होतो.

आता ती चहाची गोष्ट. वाशीच्या एक बाई शिकून पास झाल्या आणि शेवटच्या दिवशी सरांना म्हणाल्या, "सर, या ना कधीतरी घरी चहाला." सर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांच्या दारात हजर. बाईंच्या घरी वास्तुशांतीचे पाहुणे, केस विंचरायला फुरसत नाही. बाईंनी दारातच 'अय्या, आज?' म्हटलं. सर परत आले आणि ऑफिसात येऊन मला म्हणाले, "कधीतरी म्हणजे कधीच नाही, असं असतं का?"

"बहुतेक वेळा तसंच असतं."

"मग म्हणतात कशाला?"

मी विचार करून सांगितलं की बरं दिसतं म्हणून. सर म्हणाले की त्यापेक्षा काहीच न बोललेलं त्यांना बरं दिसतं. त्यानंतर कुणी 'या कधीतरी' म्हटलं की ते शांतपणे विचारतात, "कधी?" बरीच माणसं गडबडतात. दोघा-तिघांनी वार सांगितले, त्यांच्याकडे सर जाऊन आले. त्यांची अजूनही ये-जा आहे.

ॲस्परगर हा शब्द आमच्या गाळ्यात आणला तो अशाच एका शिकणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी. मनाचे आजार बघतात त्या, मुलांचे आणि मोठ्यांचेही. पंधरा दिवस सरांच्या शेजारी बसल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं. हळू आवाजात सांगू लागल्या: हा आजार नाही, मेंदूची घडणच तशी असते. आवाज, वास, स्पर्श फार तीव्रतेने पोचतात. बोलण्यातला न बोललेला भाग आपोआप कळत नाही, शिकावा लागतो. ठरलेलं बदललं की पायाखालची जमीन जाते. आता वेगळं नाव देत नाहीत, ऑटिझममध्येच धरतात, पण सरांच्या वयाच्या कितीतरी लोकांना लहानपणी कुणी काहीच सांगितलेलं नसतं.

मी म्हटलं, मला का सांगताय? त्यांना सांगा. सरळ सांगा, त्यांना सरळच लागतं.

बाईंनी सांगितलं. सर ताईंबरोबर त्यांच्या दवाखान्यात दोन-तीनदा गेले, तपासण्या झाल्या. मग एका सकाळी सर माझ्या टेबलासमोर उभे राहिले.

"मॅडम, मला ॲस्परगर आहे. म्हणजे मी उद्धट नाही."

"नाहीच आहात."

"शाळेत माझ्या प्रगतिपुस्तकावर तसं लिहिलं होतं. सातवीत आणि आठवीत. ते आता खोडता येईल का?"

शाळा कधीची बंद झाली होती. मी तसं सांगितलं. सर म्हणाले, ठीक आहे, आणि गाडीची किल्ली घेऊन गेले. मी त्या दिवशी उगाचच फोनवर एका टायरवाल्याशी भांडले.

ताई शनिवारी अर्ध्या दिवसानंतर कधी कधी गाळ्यावर यायच्या, सरांचा क्लास संपेपर्यंत बाकावर बसायच्या. अशाच एकदा त्या मला म्हणाल्या की त्यांच्या ऑफिसातले एक जण त्यांना लग्नाचं विचारतायत. विधुर, मुलगी परदेशी, घरी म्हातारी आई, सीवूड्सला राहतात. विचारतायत म्हणजे गेली कित्येक वर्षं. ताई पन्नाशीला आल्या होत्या.

"तुमच्या मनात काय आहे?" मी विचारलं.

"माझ्या मनात असून काय, वहिनी? त्याला टाकून कशी जाऊ?"

"त्यांना विचारलंत?"

ताई पदराशी चाळा करत राहिल्या. मग म्हणाल्या, "नको जाऊस म्हणाला तर विषय संपला. आणि तो काही आडपडदा ठेवणारा नाही. सरळ 'जा' म्हणाला तर? आयुष्यभर ज्याच्यासाठी... तो नुसता 'जा' म्हणाला तर?"

बाई दोन्ही उत्तरांना घाबरत होती, म्हणून प्रश्नच विचारत नव्हती. तिकडे सीवूड्सला एक माणूस थांबला होता. आणि सरांना यातलं काहीच माहीत नव्हतं. माहीत नसताना त्यांच्या नावावर हा सगळा खोळंबा झाला होता. मला हे पटेना. मी ताईंना म्हटलं, मी विचारते. ताई नको म्हणाल्या नाहीत.

सरांशी बोलायचं तर गाडीत. मी स्टिअरिंगवर बसले, सर डावीकडे. ठरलेल्या रस्त्याने निघालो.

"सर, ताईंना लग्न करायचंय. त्या सीवूड्सला राहायला जातील. तुम्हाला एकटं राहता येईल का?"

सर पुढच्या सिग्नलपर्यंत रस्ता बघत राहिले. सिग्नलला म्हणाले, "मला काय काय येत नाही ते बघावं लागेल." सिग्नल सुटला. "ताईने मला का नाही सांगितलं?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

"वाटेलच." थोडं पुढे गेल्यावर म्हणाले, "पण वाईट वाटणं वेगळं आणि जमणं वेगळं. गिअर बदला मॅडम, गाडी ओढतेय."

मी गिअर बदलला. गोल चौकातून परत फिरताना त्यांनी विचारलं, "ती माझ्यामुळे थांबली आहे?" मी हो म्हटलं. सर खिडकीकडे वळले आणि गाळा येईपर्यंत माझा रस्ता त्यांनी पाहिला नाही. सात-आठ वर्षांत असं पहिल्यांदाच झालं होतं.

त्याच दिवशी त्यांनी घरी जाऊन ताईंना सांगितलं. काय सांगितलं ते ताईंनी मला फोनवर ऐकवलं. "मला तू गेलेली आवडणार नाही. तू जा. आधी मला शिकव." तिन्ही वाक्यं एका दमात. ताईंना हसावं की रडावं कळेना, आणि त्या फोनवर दोन्ही करत होत्या.

मग शिकणं सुरू झालं. स्वयंपाक, कपडे, वीजबिल यांची मला चिंता होती. ते सगळं सर चटकन शिकले. अवघड निघालं ते भलतंच. दाराची बेल. अचानक वाजली की सर आतल्या खोलीत जाऊन बसायचे. कुरिअरवाला, वर्गणीवाले, शेजारची मुलं, कोण असेल याचा नेम नाही. आमच्या ह्यांनी बेलच काढून टाकली आणि तिथे पाटी लावली: कृपया आधी मेसेज करा. सोसायटीच्या सेक्रेटरींनी कुरकुर केली. मी जाऊन त्यांना सगळं समजावून सांगितलं. ते म्हणाले, "अहो, मग आधी सांगायचं ना! आम्हाला वाटायचं, लिफ्टमध्ये बोलत नाही, शिष्ट आहे." एवढ्या वर्षांत या बिल्डिंगमधल्या कुणी विचारलं नव्हतं आणि ताईंनी कुणाला सांगितलं नव्हतं. दोघांचंही चुकलं असं मी म्हणणार नाही. लोक कसे असतात ते ताईंना माहीत होतं.

ताई सरावासाठी मैत्रिणीकडे राहायला गेल्या. पहिल्या सकाळी सरांचा मेसेज आला: दूध उतू गेलं. पुसलं. ताई तो मेसेज घेऊन थेट माझ्याकडे आल्या आणि मला दाखवला, फोन परत घेतला, पुन्हा वाचला. "पुसलं म्हणे," त्या म्हणाल्या. तारीख काढायला हरकत नव्हती.

नोंदणी पद्धतीने लग्न आणि जवळच्यांना जेवण, एवढंच ठरत होतं. पण सीवूड्सच्या म्हातारबाई अडून बसल्या. थोडे का होईना विधी हवेत, आणि कानपिळी हवीच. नवरीचा भाऊ नवऱ्याचा कान पिळतो, ती. "पहिल्या वेळी ह्याला मेव्हणा नव्हता," त्या म्हणाल्या, "कान तसाच राहिला. या वेळी आयता मेव्हणा आहे, तर पिळून घेऊ द्या."

ताई घाबऱ्या झाल्या. सर माणसांना हात लावत नाहीत. गर्दी, मांडवातला गोंगाट, त्यात परक्या माणसाचा कान. त्यांनी ठरवून टाकलं, मामेभाऊ पिळेल. सरांच्या कानावर गेलं तेव्हा ते माझ्याकडे आले.

"त्यांनी काय चूक केली आहे?"

मी सांगितलं, काही नाही. बहिणीला नीट सांभाळ, नाहीतर मी आहे, हे सांगायची ती रीत आहे.

"मग ते मामेभाऊ का सांगेल? त्याला ताईची काय माहिती आहे?"

सर पुढे म्हणाले, "मी करीन. मला शिकवा."

आता कान पिळायला मी काय शिकवणार? गॅरेजमध्ये हे स्टुलावर बसून कार्बोरेटर पुसत होते, त्यांचा कान मोकळा होता. सरांनी आधी हात धुतले. मग लांब उभं राहून, तव्यावरची पोळी उचलावी तसा दोन बोटांनी कान धरला आणि लगेच सोडला. पुन्हा धरला, या वेळी जोरात. हे ओरडले. "अहो, तुटेल! किती जोर लावायचा काही आहे की नाही?"

"किती लावायचा?" सरांनी विचारलं.

हे कान चोळत म्हणाले, "अर्धा क्लच."

सरांचा चेहरा मोकळा झाला. अर्धा क्लच त्यांना समजत होता. दाबायचं, थांबायचं, थरथर जाणवली की सोडायचं. पुढचे काही दिवस ह्यांचा डावा कान रोज लाल असायचा. विचारणाऱ्याला हे सांगायचे, लग्न आहे घरात.

लग्न सानपाड्यातल्याच एका छोट्या हॉलमध्ये झालं. बँड नव्हता, ताईंची तेवढी अट होती. तरी मंगलाष्टकांचा माइक होता, पोरं होती, टाळ्या होत्या. सर कानात बोळे घालून बाहेर गाडीत बसले होते. कानपिळीची वेळ झाली तशी मी त्यांना आणायला गेले. म्हटलं, अजून नको वाटत असेल तर सांगा. त्यांनी गाडी बंद केली, बोळे काढले आणि हात धुवायला गेले.

ते होमाजवळ आले तेव्हा एक मामी कुजबुजली, "ह्याला जमणार आहे का?" मी तिच्याकडे पाहिलं.

सरांनी कान धरला. अगदी बरोबर. अर्धा क्लच. सगळे हसले, कुणी टाळी वाजवली, सरांचे खांदे वर चढले. पण हात तिथेच राहिला. नवरदेवांनी हसून कान सोडवून घ्यायला मान हलवली. सरांनी सोडला नाही. त्यांच्या खांद्यापलीकडे कुठेतरी बघत ते बोलू लागले. क्लासमध्ये बोलतात त्याच आवाजात.

"ऑफिसातून आल्यावर ताईचं डोकं दुखतं. तेव्हा काय झालं असं विचारायचं नाही. ट्यूब बंद करायची, छोटा दिवा लावायचा. ती भूक नाही म्हणते तेव्हा तिला भूक असते. दहीभात समोर ठेवायचा आणि खोलीतून जायचं. आईच्या श्राद्धाच्या आदल्या दिवशी ती कपाट आवरते. मदत करायची नाही. जवळ बसायचं. बोलायचं नाही."

ताई मुंडावळ्यांच्या आडून भावाकडे बघत होत्या. त्यांच्याकडे पाहिल्यावर मला कळलं की भाऊ हे सगळं मुद्दाम करत आलाय, हे त्यांनाही माहीत नव्हतं. संध्याकाळी छोटा दिवा लागलेला असायचा. का, ते त्यांनी कधी विचारलं नसावं. ताईंनी भावाला सांभाळलं, असं आम्ही सगळे इतकी वर्षं म्हणत होतो.

नवरदेव म्हणाले, "लक्षात ठेवीन."

"म्हणून दाखवा," सर म्हणाले.

आणि ते म्हणाले. साठीला टेकलेला माणूस, मुंडावळ्या बांधलेला, कान दुसऱ्याच्या हातात, एकेक वाक्य म्हणू लागला. डोकेदुखी, दिवा, दहीभात. श्राद्धाच्या आदल्या दिवशी मदत करायची, म्हणाले. "करायची नाही," सरांनी सुधारलं, "जवळ बसायचं." त्यांनी पुन्हा म्हटलं. कुणीही हसलं नाही. म्हातारबाई पदराने डोळे पुसत होत्या. सगळं बरोबर म्हटल्यावर सरांनी कान सोडला आणि हात स्वतःच्या रुमालाला पुसला.

मेव्हण्याला मान द्यायचा असतो. नवरदेवांनी पिशवीतून एक शर्ट काढून पुढे केला. सर नवे कपडे घेत नाहीत, मानेशी टोचतं म्हणून. सरांनी शर्ट उलटा करून मानेशी बोट फिरवलं. शर्ट निळा होता, धुऊन मऊ केलेला, आणि मानेचं लेबल उसवून काढलेलं होतं. सर म्हणाले, "हा चालेल."

निघायची वेळ झाली. बायकांनी डोळे पुसायला सुरुवात केली. ताई भावासमोर उभ्या राहिल्या. मिठी मारायची नाही हे त्यांना कुणी सांगावं लागत नव्हतं.

"येते रे," त्या म्हणाल्या.

"कधी?"

"रविवारी. जेवायला."

"भाजी कोणती करू?"

"बटाट्याची."

सरांनी मान हलवली आणि वळले. मामी मला म्हणाली, "बघा, डोळ्यांत टिपूस नाही." सगळी मंडळी एकमेकांना 'या हं कधीतरी, या हं' म्हणत चपला शोधत होती. सर तोवर गाडीत जाऊन बसले होते, डावीकडे. दुपारी मासळीवाल्या मावशीचा क्लास होता. ती हॉलच्या फाटकाशीच येऊन थांबली होती. तिने गाडीत बसून सीट पुढे ओढली, आरसा नीट केला.

"मास्तर, आज तरी सुट्टी घेवाची," ती म्हणाली. "घरान् लगीन हाय ना?"

"क्लास ठरलेला आहे," सर म्हणाले. मग समोरच बघत म्हणाले, "आज बाजारावरून जाऊ. मला बटाटे घ्यायचे आहेत."

ठरलेला रस्ता सोडून गाडी उजवीकडे वळली.